अमिबाला पाय फुटताना बघायचाय? तळ्यातल्या पाण्यापासून मायक्रोस्कोपपर्यंत सगळं सविस्तर

शाळेत आपण सगळ्यांनी अमिबा काढलाय. वेडीवाकडी कड, मधे केंद्रक, बाजूला एक गोल रिक्तिका आणि चार-पाच बोटं बाहेर आलेली, त्यांना रेघ ओढून 'छद्मपाद' लिहायचं, झालं. त्या चित्रामुळे डोक्यात एक गोष्ट पक्की बसते की आपल्याला जसे दोन पाय तसे अमिबाला पाच-सहा असतात. प्रत्यक्षात तुम्ही दहा मिनिटांनी त्याच अमिबाचं पुन्हा चित्र काढलंत तर त्यातला एकही पाय त्या जागी सापडणार नाही. पाय आला, काम झालं, पाय अंगात विरघळला, आता दुसरीकडून नवीन येतोय, असं सतत चालू असतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं ना की पुस्तकातला तो धडा वेगळाच वाटायला लागतो, म्हणून हा एवढा मोठा लेख लिहायला घेतला.

मी गेली काही वर्षं सुट्टीत सोसायटीतल्या मुलांना घेऊन हे करते. आधी माझा समज होता की तळ्यातलं पाणी आणलं, थेंब ठेवला की अमिबा दिसतोच. तसं होत नाही. पहिला अमिबा दिसायला मला जवळजवळ तीन आठवडे लागले होते, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या तीन आठवड्यांत काय काय चुकत होतं त्यावरूनच आलंय.

सामान काय लागेल

मायक्रोस्कोप साधा शाळेतला चालतो, ४, १० आणि ४० ची भिंगं असलेला. आयपीस १० चं असतं, म्हणजे एकूण ४० पट, १०० पट आणि ४०० पट. आपल्या कामातलं नव्वद टक्के बघणं १०० पटीवरच होतं. मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डच्या टीमने काढलेला कागदी फोल्डस्कोप १४० पट दाखवतो, त्यातूनही मोठा अमिबा दिसतो, फक्त त्यात शोधाशोध करणं जिकिरीचं होतं. बाकी स्लाईड, कव्हरस्लिप, दोन-तीन प्लॅस्टिकचे ड्रॉपर, थोडं व्हॅसलीन, टिश्यू पेपर, पारदर्शक पट्टी, आणि हॉटेलच्या पार्सलचे ते पसरट पारदर्शक डबे, ते धुऊन ठेवा, कल्चरसाठी, म्हणजे हे जीव वाढवायला, त्यांच्यासारखं दुसरं भांडं नाही.

पाणी कुठून आणायचं

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, मधलं स्वच्छ पाणी बाटलीत भरून आणतात. अमिबा पोहत नाही, त्याला सरकायला आधार लागतो, त्यामुळे तो सापडतो तळाशी, कुजणाऱ्या पानांवर, कमळाच्या पानाच्या खालच्या बाजूला जो बुळबुळीत तपकिरी थर असतो त्याच्यात. म्हणून तळं, शेततळं, जुनी टाकी, कुंड असं साचलेलं पण घाण वास न येणारं पाणी शोधा. गटाराचं नको, काळ्या सडक्या पाण्यात ऑक्सिजन नसतो आणि आपल्याला हवा तो मोठा अमिबा तिथे टिकत नाही. पाण्यात बुडालेली दोन-चार अर्धवट कुजलेली पानं उचला, पाणवनस्पतींचा एक झुपका हातात घेऊन बाटलीत पिळा, आणि तळाच्या गाळाचा फक्त वरचा पातळ थर ड्रॉपरने ओढून घ्या, खोल चिखल घ्यायचा नाही. पावसाळा संपल्यापासून थंडी संपेपर्यंतचा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात हे करायचं असेल तर डबा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवावा लागेल, कारण या जिवांना साधारण १८ ते २४ अंश मानवतं.

आता सेफ्टीचं, आणि हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाऊलेरी नावाचा एक अमिबा असू शकतो, त्याला गरम पाणी आवडतं, आणि असं पाणी नाकात गेलं तर तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असं फार क्वचित होतं पण झालं तर जीवावर बेततं. म्हणून मुलांना तळ्यात डुंबायला द्यायचं नाही, पाणी उडवायचं नाही. अकँथअमिबा नावाचा दुसरा एक असतो, त्याच्यामुळे कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्याला इन्फेक्शन होऊ शकतं, तेव्हा लेन्स असेल तर त्या दिवशी चष्मा घाला आणि ओले हात डोळ्याला लावू नका. ड्रॉपरचं पाणी तोंडाने ओढायचं नाही, काम झालं की साबणाने हात धुवायचे. एवढं पाळलं की पुरे.

कल्चर, म्हणजे खरं तर वाट बघणं

आणलेलं सगळं पार्सलच्या डब्यात ओता, पाण्याची उंची दोन-अडीच सेंटीमीटरच ठेवा, म्हणजे तळापर्यंत हवा पोहोचते. त्यात गव्हाचे किंवा तांदळाचे उकडलेले तीन-चार दाणे टाका. जास्त टाकले तर पाणी दोन दिवसांत नासतं आणि वास मारायला लागतं, मी पहिल्यांदा मूठभर भात टाकला होता आणि सगळंच फेकून द्यावं लागलं. झाकण अलगद ठेवा, घट्ट लावू नका, आणि डबा उजेड येईल पण ऊन येणार नाही अशा ठिकाणी ठेवा. पाणी कमी झालं तर नळाचं तसंच ओतू नका, त्यातलं क्लोरीन मारक असतं. आरओचंही नको, कारण त्यात क्षार फारच कमी उरतात. त्याच तळ्याचं फडक्यातून गाळलेलं पाणी उत्तम, नाहीतर बाटलीतलं मिनरल वॉटर.

डब्यात काय घडतं ते बघण्यासारखं असतं. आधी दाण्याभोवती बॅक्टेरिया वाढतात, पाणी धूसर होतं. मग ते बॅक्टेरिया खाणारे बारीक चाबूकवाले जीव येतात, मग पॅरामेशियमसारखे केसाळ जीव धावपळ करायला लागतात, आणि त्यांना खाणारा आपला अमिबा सगळ्यांच्या शेवटी. याला एक ते तीन आठवडे लागतात. पाचव्या दिवशी काही दिसत नाही म्हणून डबा ओतून देणारे खूप जण मला भेटलेत, तेव्हा हात जोडून सांगते, थांबा.

शोधायचं कसं

डबाच सरळ मायक्रोस्कोपच्या स्टेजवर ठेवता आला तर ४० पटीवर तळ चाळा, दाण्यांच्या आजूबाजूला जास्त. तिथे जे पळतंय ते आपलं नाही. आपलं म्हणजे एक करड्या रंगाचा, साखर विरघळत असल्यासारखा रवाळ दिसणारा, कड नीट सांगता न येणारा ठिपका. शाळेच्या पुस्तकातला जो अमिबा, अमिबा प्रोटियस, तो साधारण २५० ते ७५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे पाव ते पाऊण मिलिमीटर, काळ्या कागदावर डबा ठेवला तर नुसत्या डोळ्यांनाही पांढरट टिंब म्हणून जाणवू शकतो. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, एवढं ध्यानात ठेवा, पुढे हिशोबाला लागणार आहे.

दुसरी युक्ती जास्त सोपी आहे. चार-पाच कव्हरस्लिप डब्याच्या तळाशी टाकून ठेवा, दोन पाण्याच्या पृष्ठभागावर अलगद तरंगत सोडा. दोन-तीन दिवसांत अमिबा आपणहून काचेवर चढतात, मग चिमट्याने उचलून तीच बाजू स्लाईडवर पालथी घालायची. तरंगत्या काचेवर बहुतेक वेळा छोट्या जातीचे मिळतात, मोठे तळाच्या काचेवर.

स्लाईड करताना त्याला चिरडू नका

मोठा अमिबा कव्हरस्लिपच्या वजनानेही दबतो. म्हणून कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना खालून व्हॅसलीनचे चार बारीक टिपके द्यायचे, मोहरीपेक्षाही लहान, आणि मग ती थेंबावर टेकवायची. कागदाच्या पातळ तुकड्यांचा आधारही चालतो.

आता सगळ्यात मोठी चूक. ड्रॉपरने ओढलेला अमिबा घाबरतो म्हणा किंवा धक्का बसतो म्हणा, सगळे पाय आत घेऊन गोळा होऊन बसतो, आणि आपण म्हणतो अरे हा तर मातीचा कण आहे आणि स्लाईड धुऊन टाकतो. पाच ते दहा मिनिटं थांबायचं, हात लावायचा नाही. तळाला टेकला नसेल, पाण्यात तरंगत असेल तर तो चांदणीसारखा दिसतो, चारी बाजूंना बारीक पाय काढलेला, जणू कुठे काही हाताला लागतंय का ते चाचपतोय. त्यातला एखादा पाय काचेला चिकटला की बाकीचे विरतात आणि सगळं अंग त्या एका दिशेला वाहायला लागतं. हा क्षण मिळाला तर नशीब समजा.

लाईट कमी ठेवायचा. डायफ्रॅम, म्हणजे स्टेजखालची उजेड कमी-जास्त करणारी झडप, जवळजवळ बंद करा, कंडेन्सर, म्हणजे स्टेजखालचं उजेड एकवटणारं भिंग, थोडा खाली घ्या, म्हणजे पारदर्शक अंगाची कड उठून दिसते. शिवाय अचानक प्रखर उजेड पडला की अमिबाची हालचाल थांबते, तेही टळतं.

आता बघा, घाई न करता

पायाकडे बघू नका. अमिबाच्या पोटातला एक कण निवडा, एखादा गडद स्फटिक किंवा दाणा, आणि फक्त त्याच्यामागे जा. तो मधल्या वाटेने पुढे वाहत जाईल, टोकाशी पोहोचला की कडेला वळेल आणि तिथे थांबेल, एकदम थांबेल, जणू भिंतीत बसवलाय. मग त्याच्या शेजारून बाकीचे कण पुढे जात राहतील आणि तो जागेवरच. अमिबा पुढे सरकत गेला की तो भिंतीतला कण हळूहळू मागच्या टोकाला येतो, आणि तिथे भिंत पुन्हा पातळ होते, कण सुटतो, परत मधल्या प्रवाहात. हे एक पूर्ण चक्र बघितलं की चालणं समजलं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी नावं सांगतच नाही, हा एक कण शोधायला सांगते, आणि दहा-बारा वर्षांची मुलं आपणहून म्हणतात की भिंत आणि पाणी एकाच गोष्टीचे झालेत.

ते अगदी बरोबर आहे. बाहेरचा घट्ट, जेलीसारखा थर आणि आतला वाहता भाग, दोन्ही पेशीद्रव्यच. पुढे पातळचं घट्ट होतं, मागे घट्टचं पातळ होतं. नवीन पाय फुटताना टोकाला आधी एक स्वच्छ, कण नसलेली पारदर्शक टोपी दिसते, मग एकदम कण तिच्यात घुसतात, पुन्हा टोपी, पुन्हा कण. मागचं टोक मात्र सुरकुतलेलं, कधी तुतीसारखं गाठाळ दिसतं. एकाच वेळी दोन-तीन पाय निघतात, थोडा वेळ रस्सीखेच चालते, मग एक जिंकतो आणि बाकीच्यांमधला माल परत ओढून घेतला जातो. मोबाईल आयपीसला लावून व्हिडिओ काढा आणि टाईमलॅप्समध्ये बघा, हे फार छान दिसतं.

वेग मोजायचा असेल तर स्टेजवर पारदर्शक पट्टी ठेवून ४ च्या भिंगातून किती मिलिमीटर दिसतात ते मोजा. बऱ्याच शाळेच्या मायक्रोस्कोपमध्ये साधारण साडेचार मिलिमीटर दिसतं, मग १० च्या भिंगात १.८ मिलिमीटर, म्हणजे १८०० मायक्रॉन. अमिबा एका मिनिटात या वर्तुळाचा दहावा भाग सरकला तर १८० मायक्रॉन, सेकंदाला ३. तुमचं उत्तर सेकंदाला काही मायक्रॉन असं आलं म्हणजे मोजणी बरोबर चाललीय. थंडीत तोच अमिबा हळू होतो, मुलांना डिसेंबरमध्ये सकाळी आणि दुपारी असं दोनदा मोजायला लावा.

हे ढकलतं कोण?

पेशीच्या आत ॲक्टिन नावाचं प्रथिन असतं, सुटे सुटे कण. हवं तिथे ते एकमेकांना जोडून दोरे होतात, दोऱ्यांना फांद्या फुटतात, आणि वाढणारी ही जाळी पेशीच्या पटलाला आतून रेटते. फांद्या फोडणारा प्रथिनांचा गट आहे त्याचं नाव एआरपी २/३, तो १९९४ मध्ये पहिल्यांदा मिळाला तो अकँथअमिबातूनच, हो, वर ज्याच्यापासून डोळे जपायला सांगितले तोच. फांदी मूळ दोऱ्याशी साधारण ७० अंशांचा कोन करते. काम झालं की दोरे सुटे होतात, तेच कण दुसरीकडे वापरले जातात, म्हणूनच पाय इतक्या पटकन विरतो. आणि मागच्या बाजूला मायोसिन नावाचं प्रथिन, आपल्या स्नायूंत असतं त्याच कुळातलं, ॲक्टिनची जाळी आवळतं.

मोठ्या अमिबात पुढचा प्रवाह नक्की कशामुळे यावर मात्र बराच वाद झालाय आणि मला तो फार आवडतो कारण तो साध्या निरीक्षणांवर झाला. १९२६ मध्ये एस. ओ. मास्ट या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञांनी सांगितलं की मागची घट्ट भिंत आवळली जाते आणि आतला पातळ भाग पुढे ढकलला जातो, टूथपेस्टची ट्यूब मागून दाबावी तसं. मग रॉबर्ट ॲलन आले, त्यांनी १९६०च्या सुमारास महाकाय अमिबा काचेच्या बारीक नळीत घेऊन नळीच फोडली, पटल फाटलं, आणि तरीही आतलं द्रव्य वाहत राहिलं! ट्यूब फाटल्यावर मागून दाब कसला येणार? म्हणून ते म्हणाले, खेच पुढच्या टोकाला आहे, जिथे प्रवाह कारंज्यासारखा वळून भिंत होतो तिथे. आज दोन्हीकडे पुरावे आहेत असं दिसतं, आणि पेशीची जात आणि परिस्थिती यांवरही बरंच अवलंबून असतं. तुम्ही स्लाईडवर एक करून बघा, थांबलेला अमिबा पुन्हा निघतो तेव्हा कण आधी पुढच्या टोकाजवळ हलतात की मागच्या, हे लिहून ठेवा.

अजून एक गोष्ट. आपण वरून बघतो म्हणून अमिबा काचेवर चपाती पसरल्यासारखा वाटतो. १९०६ मध्ये डेलिंजर या संशोधकाने त्याला बाजूने बघितलं, तर तो काही ठिकाणीच टेकलेला आणि बाकी अंग उचललेलं, चक्क पावलं टाकल्यासारखा. पकड नसेल तर सगळी ताकद फुकट, बुळबुळीत लादीवर पाय सरकावा तशी, हे आपल्याला त्या तरंगणाऱ्या चांदणीतच दिसलं होतं.

खाताना बघायचं असेल तर

त्याला आधी उपाशी ठेवा. दोन-चार अमिबा स्वच्छ मिनरल वॉटरमध्ये एक ते दोन दिवस ठेवले की अंगातले जुने अन्नाचे फुगे कमी होतात आणि चित्र स्पष्ट दिसतं. मग स्लाईड करा, अमिबा सरकायला लागला की कव्हरस्लिपच्या एका कडेला डब्यातल्या केसाळ जिवांनी भरलेल्या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिश्यूचं टोक लावा, पाणी आपोआप ओढलं जातं. फार ओढू नका, अमिबाच वाहून जाईल.

पुढे जे होतं ते मी कितीतरी वेळा बघितलंय आणि तरी दर वेळी श्वास रोखला जातो. भक्ष्य जवळ आलं की अमिबाची कड दोन्ही बाजूंनी वाढायला लागते, वाटीसारखी. पळणारं भक्ष्य असेल तर वाटी मोठी, भक्ष्याला स्पर्श न करता लांबून वळसा घालून. जागेवर पडलेलं शेवाळ वगैरे असेल तर अगदी चिकटून, अंगासरशी. वाटीची तोंडं जुळली की भक्ष्य आत, थोड्या पाण्यासकट, आणि त्या पाण्याच्या फुग्याला आपण अन्नरिक्तिका म्हणतो. त्या फुग्याची भिंत म्हणजे बाहेरच्या पटलाचाच आत वळलेला तुकडा. आत अडकलेला जीव काही मिनिटं गोल गोल फिरताना दिसतो, मग थांबतो, कारण लयकारिका, म्हणजे पेशीतल्या पाचकरसांच्या पिशव्या, त्या फुग्याला येऊन मिळतात आणि आतलं पाणी आम्लधर्मी होऊन पाचकरस काम करायला लागतात. पचन तासन्‌तास चालतं. उरलेला चोथा मागच्या टोकाकडून बाहेर टाकला जातो, टाकला म्हणजे काय, तो तिथे सोडून अमिबा पुढे निघून जातो.

बऱ्याच वेळा भक्ष्य निसटतं, वाटी रिकामीच मिटते. १९०६ च्याच सुमारास जेनिंग्ज नावाच्या संशोधकाने एक अमिबा दुसऱ्या अमिबाचा पाठलाग करताना नोंदवलाय, गिळलेला तुकडा मागून निसटला, याने दिशा बदलून पुन्हा पकडला, आणि तो पुन्हा सुटला. मेंदू नाही, नस नाही, एकच पेशी. मला तर हे वाचून कित्येक दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

एक गल्लत मुलं हमखास करतात. एक स्वच्छ गोल फुगा हळूहळू मोठा होतो आणि एका क्षणात गायब होतो, त्याला ती अन्नाचा फुगा समजतात. ती आकुंचनशील रिक्तिका, गोड्या पाण्यात राहिल्यामुळे अंगात सतत शिरणारं पाणी ती बाहेर फेकते. अन्नाच्या फुग्यात काहीतरी दिसतं, हिच्यात काही नसतं.

सगळ्यांचे पाय सारखे नसतात

डबा महिनाभर टिकला तर इतरही पाहुणे भेटतात. तपकिरी, गोल, मधे भोक असलेलं बटण दिसलं तर तो आर्सेला, कवचवाला अमिबा, भोकातून बोटांसारखे पाय काढून कवच ओढत नेतो, आणि त्याला उलटा केलात तर अंगात वायूचे बुडबुडे तयार करून सुलटा होतो. वाळूचे कण चिकटवून घर करणारा तो डिफ्लुजिया. काहींचे पाय दोऱ्यासारखे बारीक असतात.

आणि सूर्यासारखे किरण निघालेला गोळा दिसला तर तो हेलिओझोआ. त्याचे किरण चालायला फार कमी, शिकारीलाच जास्त. त्यांच्या आत ॲक्टिनऐवजी सूक्ष्मनलिकांचा, म्हणजे प्रथिनांच्या अतिबारीक नळ्यांचा, ताठ गाभा असतो, भक्ष्य किरणाला चिकटतं आणि किरण आखडून त्याला अंगाकडे आणतो. त्याच्यावर एक सुंदर प्रयोग होतो, ॲक्टिनोस्फेरियम जातीवर केलेला: साधारण ४ अंशांपर्यंत गार केलं की सूक्ष्मनलिका सुट्या होतात आणि किरण नाहीसे होतात, पुन्हा खोलीच्या तापमानाला आणलं की परत फुटतात. घरी स्लाईड बर्फाच्या पिशवीवर ठेवून करून बघता येईल.

समुद्रातल्या फोरामिनिफेरांचे, म्हणजे कवचवाल्या एकपेशीय जिवांचे, पाय तर जाळ्यासारखे, एकमेकांत मिसळणारे, आणि एकाच धाग्यात कण दोन्ही दिशांना धावतात. त्यांची कवचं शंखासारखी दिसतात म्हणून आधी लोक त्यांना इवल्याशा माकुळांच्या जातीचे समजत. १८३५ मध्ये फ्रान्सच्या द्युजार्दां यांनी जिवंत फोरामिनिफेरा बघितले, पाय वाहताना आणि विरताना पाहिले आणि सांगितलं की आत काही माकूळ-बिकूळ नाही, नुसता चिकट जिवंत पदार्थ आहे. आपल्याकडे गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या फोरामिनिफेरांवर बरंच काम झालंय. कोकणातल्या किनाऱ्यावरची चिमूटभर बारीक वाळू ४० पटीवर बघा, रिकामी कवचं मिळण्याची चांगली शक्यता असते.

आणि आपल्या रक्तात

रक्त काढून बघायचा खटाटोप घरी करू नका, त्याचे असंख्य व्हिडिओ आहेत. पण हे माहीत असायला हवं. १८८२ मध्ये सिसिलीत मेसिना इथे एली मेचनिकॉफ यांनी ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला, आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर फिरत्या पेशी काट्याभोवती जमलेल्या. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी अमिबासारख्या सरकतात आणि गिळतात, हा विचार तिथून पक्का झाला, १९०८ मध्ये पॉल एर्लिख यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. आपल्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल बॅक्टेरियाचा रासायनिक माग काढत असाच पाय टाकत जातो, ॲक्टिनही तेच आणि वाटीही तशीच.

उलट्या बाजूने हेच हत्यार आपल्या विरुद्धही वापरलं जातं. आव पडते तेव्हा कारण असू शकणारा एन्टअमिबा हिस्टोलिटिका आतड्याच्या भिंतीत पायानेच घुसतो आणि तांबड्या पेशी गिळतो. लॅबवाले पातळ शौचाचं सॅम्पल लगेच, अर्ध्या तासात आणून द्या म्हणतात त्याचं कारण हेच, गार झालं की तो गोल होऊन बसतो आणि ओळखू येत नाही. पाय चालू असताना, पोटात तांबड्या पेशी दिसत असताना सापडला तर निदानाला मोठी मदत होते. तुमच्या घरात कुणाला अशी टेस्ट सांगितली तर सॅम्पल सकाळचं घेऊन संध्याकाळी देऊ नका.

शेवटचं काम

तास-दीड तासाने कव्हरस्लिपखालचं पाणी आटायला लागतं, कडेने हवा आत येताना दिसते, आणि अमिबा एकेक पाय आत घेऊन गोल व्हायला लागतो. तेव्हा कडेला मिनरल वॉटरचा एक थेंब द्या, बहुतेक वेळा पाचेक मिनिटांत तो पुन्हा पसरतो. तुमचं बघून झालं असेल तर कव्हरस्लिप तिरपी करून ड्रॉपरने तो थेंब परत डब्यात सोडा. दर तीन-चार आठवड्यांनी नवीन डबा घ्या, अर्धं जुनं पाणी, अर्धं नवीन, दोन ताजे उकडलेले दाणे. जुन्या डब्यात उकळतं पाणी ओतून गार झाल्यावर ते झाडांना घाला, आणि नवीन डब्यावर तारीख लिहा.